होला हो

बसा. त्या खुर्चीत नको, या इकडच्या खुर्चीत. ढब्बूला घाबरू नका, या कुत्र्याचा सगळा जन्म म्हाताऱ्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवण्यात गेलाय.

तेच आमचं काम होतं. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात मी त्याला घेऊन जायचे. मी 'टेक' म्हटलं की तो हनुवटी टेकवायचा, आणि डोक्यावरचा हात उचलला जाईपर्यंत हलायचा नाही. त्याला शिकवणाऱ्या बाईंनी मलाही दोन गोष्टी शिकवल्या होत्या. या माणसांना 'कोण', 'कधी' असं विचारायचं नाही, ती बावरतात. आणि ती काहीही बोलली तरी खोडायचं नाही, होला हो म्हणायचं. एखादी आजी मेलेला नवरा बाजारात गेलाय म्हणाली, तर येतीलच आता म्हणायचं. ते जिभेवर इतकं बसलं की घरीसुद्धा मला कुणाशी धड भांडता येईना.

खिडकीजवळच्या खुर्चीत माझी आई असायची. मला ती 'कुत्रेवाल्या बाई' म्हणायची. ढब्बूला मात्र लांबून ओळखायची. पोटच्या पोरीपेक्षा कुत्रं बरं, असं म्हणून मी नर्सबाईंसमोर हसायचे आणि परतताना रस्त्यात रडायचे. आई त्याला कुरवाळताना त्याचा डावा कान उलटा करून ठेवायची, आतली गुलाबी बाजू बाहेर. निघताना मी तो सरळ करायचे. तिने एकदा तरी मला हाक मारावी, एवढ्यासाठी मी ते काम धरून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी वॉर्डातले दिवे अजून लागले नव्हते. चहाच्या कपांचा आवाज लांबून येत होता. मी आईजवळ स्टूल ओढलं, तोच ढब्बू माझ्या हातातला पट्टा ओढत समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे गेला. मी काहीच म्हटलं नव्हतं, तरी त्याने हनुवटी टेकवली. खुर्चीवर नाही हो... खुर्चीच्या पुढे, हवेत. माणसाचा गुडघा येतो तेवढ्या उंचीवर.

मग त्याच्या डोक्यावरचे केस दबले. उठले. पुन्हा दबले. पेटीत वर्षानुवर्षं ठेवलेल्या कपड्यांसारखा वास आला. मी त्याला हाक मारली, पण तो थरथरत तसाच राहिला. शिकवलेलं होतं ना, हात उचलेपर्यंत हलायचं नाही.

"बाई," आई हळूच म्हणाली, "ते विचारतायत, निघायचं का? जाऊ ना मी?"

कोण, असं विचारायला तोंड उघडलं होतं मी. पण सवय आड आली.

"हो... जा ना."

"तुम्हालाही न्यायचं का, म्हणतायत."

"हो, येते मी. तुम्ही व्हा पुढे."

आईने माझ्याकडे वळून पाहिलं. नीट, ओळखून. "मने," ती म्हणाली, "तू कशाला हो म्हणालीस गं?"

तेवढ्यात दिवे लागले. ढब्बूने डोकं उचललं होतं. आईचा हात माझ्या हातात होता, पण त्यात काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, झोपेत जावं तशी गेली, भाग्यवान. मी त्यांनाही हो म्हणाले.

ते काम मी सोडलं. पण दिवेलागणीला ढब्बू इथे त्या खुर्चीपुढे जातो, हनुवटी टेकवतो, आणि त्याचे केस दबतात. मी रोज 'आज नको' म्हणते. आत्तापर्यंत ऐकलंय.

कालपासून मात्र मला 'नको' म्हणवत नाहीये. आईला नाही कसं म्हणायचं, सांगा. जिवंतपणी मला विसरली होती, आता आठवणीने येते.

तो दिवा जरा इकडे करा. ढब्बू बघा, गेला त्या खुर्चीकडे. मघाशी तुमच्यासमोरच मी त्याचे कान पुसले ना, दोन्ही सरळ होते?

आता डावा बघा.