ताटावरचा आडवा हात

सोलापुरात घासाघीस बंद पडून दोन वर्षं झाली होती. दुकानात शिरायचं, वस्तू बघायची आणि ती मनात भरली की कानामागे बारीक 'टुण्' व्हायचं. पैसे गेलेले असायचे. 'बघून सांगते' म्हणत पायरी उतरणारी बाई आणि 'अहो ताई, या की ओ परत' अशी हाक मारणारा दुकानदार, दोघंही बाजारातून नाहीसे झाले होते. लोक खूश होते. डोक्याला ताप नाही, वेळ वाया जात नाही, आणखी काय पाहिजे?

दीपालीआत्याकडे मात्र अजून जुनं प्लास्टिकचं क्रेडिट कार्ड होतं, कडा झिजलेलं. बासष्ट वर्षांच्या या बाईने बाजारातल्या डाळवाल्यांना आयुष्यभर रडवलं होतं. पण एक तारखेपासून जुन्या कार्डावर शंभराला अठरा रुपये अधिभार लागणार होता. रोज दीडशे पानं उठणाऱ्या तिच्या खानावळीची चूल एवढ्या बोज्याने वर्षभरात थंड झाली असती. कार्ड बदलायचं की नाही, हे रविवारपर्यंत ठरवायचं होतं. म्हणून तिने विहानला जेवायला बोलावलं.

खानावळीत जेवणाऱ्या सगळ्यांची ती आत्या, पण विहान तिचा खराखुरा भाचा, सख्ख्या भावाचा मुलगा. आता तो डॉक्टर विहान बिराजदार झाला होता आणि नवं 'निमिष कार्ड' शोधून काढणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक होता. लहानपणी जेवायला बसला की दोन भाकऱ्या झाल्यावर हे चिरंजीव ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे. मग प्रत्यक्ष ब्रह्मदेव वाढायला आला तरी तिसरी घ्यायचे नाहीत.

"माझ्या मनातलं त्या कार्डाला कळतं कसं, ते आधी सांग," त्याच्या ताटात भाकरी टाकत आत्या म्हणाली.

"मन नाही वाचत ते, आत्या. माणूस काही करायला निघाला ना, की त्याला स्वतःला कळायच्या आधीच मेंदूत तयारीची लहर उठते. निमिष कार्ड म्हणजे कानामागे लावायची एक टिकली. ती फक्त लहर पकडते. तू 'घेते' म्हणायच्या आत व्यवहार झालेला असतो."

"आणि लहर उठल्यावर नको वाटलं तर?"

विहानने शेंगदाण्याच्या चटणीत तेल कालवलं. "लहर आपल्याला कळते, त्यानंतर हात हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा उरतो. आम्ही त्याला नकारक्षण म्हणतो. तेवढ्यात माणूस स्वतःला रोखू शकतो. पण सगळी कटकट तिथेच असते, आत्या! का-कू करणं, चुळबुळ, मागे लागलेली रांग. निमिष त्याच्या आधीच काम उरकतं."

आत्याने आणखी एक भाकरी वाढली. त्याने ती मोडली.

"लावून तर बघ," असं म्हणत त्याने तिच्या कानामागे टिकली चिकटवली आणि हातातला फोन तिच्यापुढे धरला. फोनवर एकच प्रश्न होता: निमिष स्वीकारता? "घेतेस ना, आत्या?" लहानपणी पतंगाला पैसे मागताना त्याचा चेहरा व्हायचा, तसाच आत्ताही झाला होता.

"नाही," असं ती म्हणाली खरी, पण त्याच्या आधीच टुण् झालं होतं.

फोनवर अक्षरं उमटली: अभिनंदन. आपलं जुनं कार्ड रद्द झालं आहे.

"अरे, मी नाही म्हटलं!"

"तुझा मेंदू हो म्हणाला, आत्या."

आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणाला असेल! तुझं तोंड बघून मला माया आली. तुझ्या बापाचं तोंड बघूनही अशीच आली होती. वडील गेले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. कचेरीत हक्कसोडपत्रावर सही करायला बसले. बहिणीने भावासाठी वाटा सोडायचा, रीतच पडलीय ना! भाऊ समोर डोळ्यांत पाणी आणून उभा. मी पेन उचललं, कागदावर टेकवलं... आणि खाली ठेवलं. त्या वाट्यावर ही खानावळ उभी आहे. त्या दिवशी तुझी टिकली माझ्या कानामागे असती तर?"

बोलता बोलता तिने विहानच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. तो जेवत राहिला.

"होकार काय, आपोआप येतो. 'नको' मी कमावलंय. रद्द कर हे."

"रद्द करायची सोय ठेवलेली नाही," तो खाली मान घालून म्हणाला. "चाचण्यांमध्ये काही जण लहर उठल्यावरही नाही म्हणायचे. ते नकार आम्ही चूक समजून गाळले."

"किती जणांचे?"

"शंभरात चाळीस."

आत्या उठली. कानामागची टिकली ओरबाडून काढली आणि तापल्या तव्यावर टाकली. चुर्र झालं. "उद्या येते तुझ्या ऑफिसात, माझी दीडशे माणसं घेऊन. नकार लिहायला जागा होत नाही तोवर तिथून हलणार नाही. चूल थंड झाली तरी बेहत्तर!"

रागाच्या भरात ती भाकऱ्यांच्या टोपलीकडे वळली आणि थबकली. टोपलीत शेवटची एक उरली होती. बोलता बोलता ती वाढत गेली होती आणि विहान खात गेला होता. एकूण सहा झाल्या होत्या.

"तू ही टिकली कधीपासून लावतोस रे?"

"पहिल्या चाचणीपासून. चार वर्षं झाली."

"शेवटचं 'नको' कधी म्हणालास?"

तो आठवू लागला. कपाळाला आठी पडली. बराच वेळ आठवत राहिला आणि मग तिच्याकडे बघतच राहिला. आत्याने पुढे होऊन त्याच्या कानामागची टिकलीही काढली. तिने शेवटची भाकरी उचलून त्याच्या ताटावर धरली.

"वाढू?"

विहानचं पोट तट्ट फुगलं होतं. त्याने हात उचलला. ताटावर आडवा व्हायला निघालेला तो हात मध्येच अडला.

"वाढ," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

आत्याने भाकरी वाढली नाही. टोपलीत ठेवली, त्याच्यासमोर मांडी ठोकून बसली, भाकरी पुन्हा उचलली आणि पुन्हा विचारलं, "वाढू?"