झोक्यावर घेतलेलं नाव

नाथाजी सुतारांच्या परड्यात नवा झोका टांगला होता आणि त्यांची लेक मनू तो बसून पारखत होती. तेवढ्यात समोर कुणीतरी आलं... आणि तिच्या पायानं त्याचा फेटाच उडवला!

"लय जोर हाय की!" फेटा झटकत तो हसला. "मी जोतीराम. कवठ्यास्नं आलोय, नाथाजी मिस्तरींकडं कामाला."

"मग आदी वाटंतनं बाजूला सरायला शिका."

कोरेगावातल्या एका सुभेदारांनी बागेसाठी झोके सांगितले होते. जोतीराम सागवानी फळ्यांना रंधा मारायचा, मनू घायपाताचा दोर वळायची. दोराचं दुसरं टोक धरायला त्याला रोज सवड कशी मिळायची, देव जाणे!

"हात सोलला व्हय?"

"तुमाला काय त्याचं?"

"मला न्हाई तर कुनाला? पंचमी झाली की तुझ्या आबांस्नी इचारतोच."

बाई गं! मनूला त्या दिवशी भाकरी गोड लागेना.

नागपंचमीला सुभेदारांच्या बागेत झोके चढले. तिथली रीत होती – झोक्यावरच्या पोरीनं नाव घेतल्याशिवाय तिला उतरू द्यायचं नाही. आणि पंचमीला घेतलेलं नाव नागोबा ऐकतो, ते माघारी घ्यायचं नाही; परक्या पुरुषाचं घेतलं तर लग्न त्याच्याशीच. म्हणून कुवार पोरी आपल्या भावाचं नाव घेत.

मनू उंच गेली आणि तिला दिसलं – जोतीराम सुभेदारांच्या साताऱ्याच्या भाचीला झोका देतोय, वर हसतोयसुद्धा! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"नाव घे, मने!"

सांगलीच्या वखारवाल्या आप्पासोंनी तिला मागणी घातली होती. त्यांची आई तिथंच आंब्याखाली बसलेली.

"घेते की... आप्पासो!"

जोतीरामच्या हातातला दोर सुटला. म्हातारीनं मात्र आनंदानं उठून मनूला कुंकू लावलं. नाथाजींनी तिथल्या तिथं होकार दिला.

सांजच्याला जोतीराम परड्यात हत्यारं बांधत होता.

"आवं, चेष्टा केली मी! तुमाला जळवायला..."

"ठावं हाय मला."

"मग आबांस्नी सांगा की!"

"सांगितलं. ते म्हनलं, नाव मोडलं तर पोरीवर नागोबाचा कोप हुईल. मनू... मलाबी भ्या वाटलं गं. तुला काय झालं म्हंजी?"

"हुंदे की झालं तर! मी सोशीन. न्या मला."

त्यानं तिच्याकडं पाहिलं – डोळे भरून, अगदी पोटातून.

"तू सोसशील... मला न्हाई सोसायचं."

पिशवी खांद्याला लावून तो निघाला. त्याचं आपल्यावर इतकं प्रेम नसतं तर बरं झालं असतं, असं मनूला वाटलं. आतून ओटी भरायला बायका हाका मारत होत्या. तिनं डोळे पुसले आणि ती आत गेली.