चिंधीवरची ओळ

गारा पडायला लागल्या तेव्हा मी दुकानाच्या दारात उभी होते. समोरून एक माणूस डोक्यावर भलीमोठी पेटी धरून धावत आला, तो सरळ माझ्या अंगावर. मी कशीबशी बाजूला झाले. तो उंबरठ्याला अडखळला, पेटी हातातून सुटली, आणि...

पेनं, कॉफीचे मग, किल्ल्यांच्या साखळ्या, पिवळी रबरी बदकं! सगळं माझ्या दुकानभर. एक बदक गडगडत थेट आर्डिस आत्याच्या पायाशी जाऊन थांबलं.

"माफ करा," तो गुडघ्यांवर बसून वस्तू गोळा करत म्हणाला. "मी विकायला आलो नव्हतो. म्हणजे... आलो होतो. पण असं फेकून नाही."

"आधी किंमत सांगायची, मग फेकायचं," मी म्हटलं. "आमच्याकडे तरी अशीच रीत आहे."

तो वर बघून हसला. केसांत गारा अडकलेल्या, कानाची पाळी थंडीने लाल झालेली. त्याच क्षणी माझ्या मागे टोपीवर टाके घालणाऱ्या यंत्राचा दोरा तटकन तुटला. दोरे तुटतातच, त्यात काय! पण आत्याने चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मीसुद्धा लाल झाले.

त्याचं नाव कर्ट डिटमर. जाहिरातीच्या भेटवस्तू बनवणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता. एरवी मी त्याला कॉफी पाजून वाटेला लावलं असतं. पण त्याच आठवड्यात हार्लन पॉस्पिशल माझ्या काळजाचा ठोका चुकवून गेले होते.

हार्लन म्हणजे आमच्या प्लम ग्रोव्हच्या सहकारी धान्य कोठाराचे मॅनेजर. आमचं भरतकामाचं दुकान चालतं ते त्यांच्या टोप्यांवर. नेब्रास्कातल्या आमच्या भागात शेतकरी बायकोशिवाय दिसेल, कोठाराच्या टोपीशिवाय दिसायचा नाही. आणि ते मला म्हणाले होते, "मार्ला, मला एकाच ठिकाणी सगळं हवं. टोप्या, पेनं, कॅलेंडरं, जत्रेत वाटायला माशा मारायच्या दांडीवाल्या जाळ्या. ओमाहा शहरातली कंपनी सगळं देते. तुला जमत नसेल, तर टोप्याही तिकडेच जातील."

टोप्या गेल्या की दुकान गेलं, हे सांगायला आत्याची गरज नव्हती. तरी तिने सांगितलंच. "मग आपण दोघी इथे बसून त्याच्या त्या जाळ्यांनी माशा मारू."

म्हणून मी कर्टला कॉफी दिली, आणि बसायला खुर्चीही दिली.

मग तो दर गुरुवारी यायला लागला. कुठली वस्तू टिकते, कुठल्या मगावरचा रंग धुतल्यावर जातो, संगणकावर मागणी कशी नोंदवायची, सगळं शिकवायचा. शिकवताना स्वतःच मध्ये विसरायचा. माझी बोटं दोऱ्यातून फिरत असली की त्याचं वाक्य अर्धवट राहायचं.

"एकच मग करून मिळतो का?" मी एकदा विचारलं.

"एक कधीच नाही. आमच्या धंद्यात प्रेमपत्रसुद्धा घाऊक छापावं लागतं."

"बिचारे! भरतकामात एकच टोपी करता येते."

"म्हणून तर तुमच्या धंद्याचा हेवा वाटतो," तो म्हणाला. मग घड्याळाकडे पाहिलं, अर्धा कप तसाच ठेवला आणि उठला. "पुढचं गाव वाट बघतंय."

नेहमी अर्धा कप! मला त्या अर्ध्या कपाचा इतका राग यायचा की बस.

इथे माझ्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. भरतकामात खऱ्या कापडावर जाण्याआधी आपण चिंधीवर चाचणी घेतो. अक्षर कसं बसतं, दोरा ताणला जातो का, ते बघायला. चिंधीवर काय लिहायचं याला काही नियम नाही. मी मनात येईल ते शिवते. 'दूध आणायचंय.' 'आत्या घोरते.' अक्षर बरं दिसलं की हो म्हणायचं, चिंधी टोपलीत टाकायची, आणि मग खरे शब्द खऱ्या टोपीवर. आईच्या वेळेपासून आमच्याकडे असंच चालतं.

तर जुलैत हार्लनच्या जाळ्यांची मागणी मी पहिल्यांदा स्वतः, एकटीने नोंदवली. त्यांचं घोषवाक्य 'तुमचं धान्य, आमचा शब्द' खाली सूचनांच्या चौकटीत नीट लिहिलं. वर अक्षरांचा नमुना बघायची चौकट होती. गुरुवार होता. कर्ट नुकताच गेला होता आणि त्याचा कप अजून वाफाळत होता. माझ्या बोटांनी आपलं नेहमीचं काम केलं.

'कर्ट डिटमर, थांब ना जरा. कॉफी अजून गरम आहे.'

पडद्यावर पिवळी जाळी आली, तिच्यावर कोठाराचं नाव आणि खाली माझी ओळ. अक्षर सुरेख बसलं होतं. 'नमुना पसंत आहे?' असं संगणकाने विचारलं. अक्षर तर पसंतच होतं. मी हो म्हटलं, गालातल्या गालात हसले आणि टोप्यांकडे वळले.

दोन दिवसांनी कर्टचा फोन आला. आवाज जरा विचित्र होता.

"मार्ला, तुझा नमुना माझ्याकडे आलाय. कोठाराच्या जाळ्यांचा. तू पसंत केलायस तो..."

"हो, मग?"

"तसाच छापायचा? अख्ख्या काउंटीत जाईल गं ते."

"जाऊ दे की! त्यासाठीच तर करतोय."

"एक शब्दही बदलायचा नाही?"

मला हार्लन आणि त्यांची बायको आठवली. त्या घोषवाक्यातल्या एकेका शब्दापायी दोघांनी कितीतरी दिवस एकमेकांशी अबोला धरला होता. "एकही नाही," मी ठणकावून सांगितलं. "ते शब्द किती दिवस मनात घोळत होते, तुला काय माहीत!"

पलीकडे त्याच्या हातून काहीतरी खाली पडलं.

"मला... खरंच माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"आता कळलं ना? मग छापा."

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी दोन्ही वेळा कॉफी केली आणि दोन्ही वेळा ओतून दिली. आत्या म्हणाली, "फिरत्या विक्रेत्याचं काय घेऊन बसलीस! त्याचं कामच फिरणं." मला तिचा राग आला. मग त्याचा आला. मग माझाच आला, कारण एका विक्रेत्यासाठी मी नवा निळा ड्रेस इस्त्री करून ठेवला होता.

ऑगस्टमध्ये काउंटीची जत्रा भरली. जाळ्यांची खोकी कारखान्यातून परस्पर कोठारात गेली होती, मी ती पाहिलीही नव्हती. मोठ्या मंडपात मी माझं छोटं यंत्र मांडून टोप्यांवर नावं घालून देत होते. शेजारी आत्या चर्चच्या टेबलावर कोलाचे, ते सारण भरलेले गोड पाव, विकत होती. ऊन मी म्हणत होतं, गोठ्यांचा वास येत होता आणि माशा तर विचारू नका.

फट्! आत्याने खसखशीच्या कोलाच्यावरची माशी मारली. मग जाळी डोळ्यांजवळ नेली. मग चष्मा काढून पुसला.

"मार्ला," ती अगदी शांतपणे म्हणाली. "कॉफी कुणासाठी गरम आहे म्हणतेस?"

मी जाळी हातात घेतली. वाचली. उलटी केली, पुन्हा सुलटी केली. शब्द तेच राहिले! चिंधी! ती माझी चिंधी होती, आणि या छपाईच्या धंद्यात चिंधी नसतेच. पसंत म्हटलं तेच छापतात. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कशी शिरली नाही!

मी मान वर केली. मंडपभर पिवळ्या जाळ्या हलत होत्या. पाद्रीबाबा वारा घेत होते. माझ्या शाळेच्या जुन्या बाई डुकरांच्या कुंपणाशी उभ्या राहून ती ओळ मोठ्याने वाचत होत्या, जोर देऊन, कवितेसारखी. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. ती बिलकूल दुभंगली नाही. उलट समोरून हार्लन आले.

"माझं घोषवाक्य कुठे गेलं?" ते म्हणाले.

"हार्लनकाका, चूक माझी आहे. सगळी माझी. मी... ते चाचणीचं होतं..." माझी बोबडी वळली.

"सकाळपासून एकही माणूस मक्याचा भाव विचारत नाहीये. येतो तो कॉफी मागतो! बायकोला दोनदा घरी पिटाळलं कॉफी आणायला."

"टोप्या..." मी कसंबसं म्हटलं.

"टोप्यांचं नंतर बघतो." ते जायला वळले, पण पुन्हा थांबले. "तो थांबला का पण? लोक विचारतायत, मी सांगू काय?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही हो काका. तो गेला."

"कोण गेला?"

आवाज माझ्या मागून आला होता. मी गर्रकन वळले. कर्ट! घामाने भिजलेला सदरा, हातात कोरी, बिननावाची टोपी. आणि खिशात, अगदी झेंड्यासारखी उभी, पिवळी जाळी.

हार्लननी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि काही न बोलता चक्क पळाले.

"तू ते आधीच वाचलं होतंस," मी म्हटलं. "फोनवर... तू घोषवाक्याबद्दल विचारत नव्हतास?"

"कुठलं घोषवाक्य?"

मी त्याला सांगितलं. चिंधी, टोपली, सूचनांची चौकट, सगळं. ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. आता धक्का बसायची पाळी त्याची होती.

"म्हणजे ते... चुकून?" तो हळूच म्हणाला. "मार्ला, मला वाटलं, एखादी मुलगी माझ्यासाठी अख्ख्या काउंटीसमोर... मी दोन गुरुवार तुझ्या दुकानाच्या वळणापर्यंत येऊन परत गेलो. उत्तर काय द्यावं तेच सुचेना. एवढ्या मोठ्या धाडसापुढे 'हाय' म्हणू का?" तो कसंनुसं हसला. "बरं झालं, नाही म्हटलं ते. चूकच होती म्हणजे."

तो जाळी परत करायला पुढे झाला. आणि मला दिसलं, हे आता हातचं जाणार. दुकान जाईल तेव्हा जाईल, पण हा आत्ता जाईल.

"छापलं चुकून," मी म्हटलं. आवाज मंडपभर गेला असणार, कारण शाळेच्या बाईंनी वाचणं थांबवलं. "लिहिलं चुकून नव्हतं. मी चिंधीवर मनातलंच लिहिते, कर्ट. खोटं कधीच नाही. तू उठून गेलास की मला... तू जाऊ नयेस असं वाटतं. दर गुरुवारी. बाकीच्या वारीसुद्धा."

मी मेल्याहून मेल्यासारखी उभी. मग त्याने ती कोरी टोपी माझ्या यंत्रासमोर ठेवली.

"यावर एक शब्द घालून हवाय. कमीत कमी किती टोप्या घ्याव्या लागतील?"

"भरतकामात?" मी टोपी जवळ घेतली. "एक."

"मग लिही. 'थांबलो.'"

बोटं सवयीने चिंध्यांच्या टोपलीकडे गेली. त्याने वाटेतच माझा हात धरला. तळवा गरम होता.

"चाचणी नको," तो म्हणाला. "थेट टोपीवर."

आयुष्यात पहिल्यांदा मी चिंधीशिवाय सुई सोडली. शब्द जरासा वाकडा बसला. उसवायला कात्री घेतली, तर त्याने टोपी ओढून घेतली आणि डोक्यावर चढवलीसुद्धा.

तेवढ्यात हार्लन कागदी पेले घेऊन आले. टोपी वाचली. पुन्हा वाचली.

"पुढच्या वर्षी माझं घोषवाक्य," ते गुरगुरले. "टोप्या नेहमीसारख्या तुझ्याकडेच. आणि याच्यासारख्या थोड्या वेगळ्या कर, लोक मागणारच." पेले आमच्यापुढे आदळून ते मंडपभर ओरडत गेले, "थांबला रे, थांबला!"

कर्टने कॉफीचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ही गार आहे."

"चालेल तुला?"

तो आत्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसला आणि पेला तळापर्यंत रिकामा केला.