साक्षीचा खांब

सन एकोणऐंशीच्या चैत्रात सेवकरामने आपला खोदकामाचा धंदा नाकाडोंगरीहून उचलला आणि थेट पवनी तालुक्यात, आसगावच्या अंगाला आणून ठेवला. धंदा म्हणजे काय, तर आठ माणसं, बारा कुदळी, सहा फावडी, चाळीस टोपल्या आणि सुतळीचा एक गुंडा. तिकडे मॅंगनीजच्या खाणीवर यंत्रं आली होती. हातानं माती काढणाऱ्याला कोणी विचारीना. इकडे धानाचा मुलूख. धानाला पाणी देणारी लहान तळी, म्हणजे बोड्या; बोडीला लागून बोडी, आणि प्रत्येक बोडी गाळानं भरलेली.

"मिरगाच्या आत ही एक बोडी साफ करा," गावचे केशवराव म्हणाले, "पुढच्या सात तुमच्याच. नाही झाली, तर आल्या वाटेनं जा जी."

आल्या वाटेनं जायला आता होतं काय? सेवकराम घर विकून आला होता.

कामाची रीत बापजाद्यांची. खोदताना मधोमध मातीचा एक खांब तसाच उभा राखायचा. माथ्यावरचं गवतसुद्धा हलवायचं नाही. किती खोल गेलो ते त्या खांबावरून मोजायचं, म्हणून त्याला साक्षी म्हणायचं. काम संपलं की धंद्याच्या मालकानं देवाचं नाव घेऊन तो स्वतःच्या हातानं मोडायचा, आणि मगच गाव सोडायचं.

चौथ्या दिवशी मुकादम कवडू टेप घेऊन आला. "भाऊ, जरा पाहा बरं. माझं डोकं फिरलं का टेप फिरला?"

सेवकरामने न खोदलेल्या दोन काठांवरून सुतळी ताणली. ती खांबाच्या माथ्यावरच्या गवताला बरोब्बर टेकली. सुतळीपासून तळ मोजला, चार फूट. खांब मोजला, साडेपाच.

तीनदा मोजलं. तेच.

"ऊन लागलं असल," कवडू म्हणाला.

"दोघांले संगंच?"

सेवकराम म्हणाला, "खांब लांब होते तर होऊ दे. आपण बोडी खोदाले आलो. चला."

आठव्या दिवशी खांबाच्या बुडाशी रंग बदलला. वर करडा गाळ, खाली पिवळी माती, आणि त्याखाली हातभर काळी, जड, चकाकणारी खडी. सेवकरामने ती बोटांत चुरली. जन्म गेला होता त्यात. मॅंगनीज. आसगावच्या जमिनीत ते असायचं काही कारण नव्हतं. चार पावलांवर तळ खणून पाहिला. नुसता गाळ.

त्या सांजेला मारुतीच्या पारावर कीर्तन होतं. कीर्तन म्हटलं की सेवकराम पहिल्या ओळीत. टाळ-मृदंगाची संगत लागली की दिवसभराची पाठ त्याला ठणकत नसे. बुवा उत्तररंगात आले आणि सहज बोलून गेले, "निघताना ज्याचा निरोप घेतला नाही, बाबांनो, तो मागोमाग येतो." माणसं माना डोलवत होती. सेवकरामच्या हातातले टाळ थांबले.

घरी बायको गोदावरीबाईंनी भात वाढता वाढता विचारलं, "अजी, काय झालं? बुवाचा गळा बसला का?"

"तिकडचा शेवटचा खड्डा आठवते?"

"हो. ट्रकवाला बोंबलून राहिला होता."

"साक्षी मोडाची राहिली."

बाईंची पळी थांबली. मग त्या म्हणाल्या, "तर मोडून या. दोन दिवसांनी काही धंदा बुडत नाही."

पहाटेच्या एस.टी.नं तो निघाला. पवनी, भंडारा, तुमसर. उन्हं कलताना नाकाडोंगरीच्या त्या खड्ड्यापाशी पोचला. खांब होता, पण जेमतेम गुडघ्याएवढा. त्यानं सोडला तेव्हा तो डोक्याच्या वर होता.

त्यानं विठ्ठलाचं नाव घेतलं आणि कुदळ घातली. आतून करडा, ओला गाळ निघाला. त्यात कमळाचा कंद होता. ताजा.

त्यानं सगळा मोडला. खड्ड्याचा तळ सपाट केला. हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आसगावला परतला, तर बोडीत खांब नव्हता. तळ साफ. केशवराव काठच्या पाळीवर उभे, खुशीत. "मानलं जी तुमाले! पुढची बोडी धरा."

"खांब कोणं मोडला?" सेवकरामने विचारलं.

कवडू बघतच राहिला. "मस्करी करता का, भाऊ? काल उन्हं कलताना तुमीच तं मोडला. मले वाटलं, गाडी चुकली असल, परत आले."

सेवकराम घरी गेला. गोदावरीबाई चुलीपाशी होत्या.

"काल मी आलो होतो?"

"म्हणजे? भात खाल्ला न. मंग उठले, म्हणे घरी जातो. मी म्हटलं, अजी, घर तं आता हेच हाय."

"मंग?"

"एक टोपली उचलली नं उत्तरेकडं चालू लागले."

सेवकरामने टोपल्या मोजल्या. एकोणचाळीस होत्या.

त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. बोडी तर मिरगाच्या आत झालीच होती. पुढच्या साती झाल्या. धंदा रुजला. आसगावात घर बांधलं, त्याच्या ओसरीवर दर एकादशीला कीर्तन होऊ लागलं. साक्षी राखायची रीत मात्र त्यानं बंद केली, काठावरूनच मोजायचा.

चौऱ्याऐंशी साली नाकाडोंगरीचा ईश्वर नावाचा ट्रक ड्रायव्हर गिट्टी घेऊन आसगावात आला. ओसरीवर सेवकरामला बघून चमकला.

"भाऊ, तुमी इकडं कवा आले? परवा तं तिकडं खड्ड्यात होते."

सेवकरामने त्याला चहा दिला.

"पाच वर्सं झाली, एकटेच टोपलीनं माती टाकून राहिले," ईश्वर चहाचा कप खाली ठेवत म्हणाला. "खड्डा आता वीतभर उरला. मी इचारलं, झाल्यावर काय कराल? तं म्हणाले, आसगावले जाईन, माह्या बायकोपाशी."