आधी वाजलेलं

रुग्णालयात माझं काम ऐकण्याची तपासणी करायचं. पेशंटला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बाहेरून बारीक आवाज सोडायचा. ऐकू आला की त्यानं हातातलं बटण दाबायचं, इकडे माझ्यासमोर दिवा लागतो. काही जण ऐकू न येताच बटण दाबतात, काहींना ऐकू येऊनही मान्य करायचं नसतं. त्यामुळे कुणी "मला ऐकू आलं" म्हटलं, तर मी लगेच विश्वास ठेवत नाही.

माझा नवरा गिटार वाजवायचा. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर आमच्या दोघांपेक्षाही वयानं मोठा, काचेच्या व्हॉल्व्हचा, चालू केल्यावर गरम व्हायला वेळ घेणारा. त्याच्या तब्येतीची चौकशी घरात रोज व्हायची. माझी व्हायची असं नाही. माझं ऑपरेशन होतं, त्या दिवशी हा तो खोका गाडीत घालून दुसऱ्या गावी गेला होता, कारण तिथल्या मेकॅनिकला नेमका तोच दिवस मोकळा होता. माझ्याजवळ ताई बसली. त्या मेकॅनिकनं आतला मूळ ट्रान्सफॉर्मर काढून घेतला आणि कुठला तरी फालतू बसवून दिला. हा परत आला तो रडवेला होऊन. मी टाके सांभाळत पलंगावर पडले होते आणि हा मला ट्रान्सफॉर्मरचं सांगत होता.

त्यानंतर त्यानं कुणाच्याच हाती अ‍ॅम्प्लिफायर द्यायचं बंद केलं. ज्याच्या-त्याच्याकडे चौकशी करायचा आणि प्रत्येकात खोट काढायचा. अ‍ॅम्प्लिफायर घरघरायचा, मधेच बसायचा, आणि त्याचा राग जेवताना माझ्यावर निघायचा.

मग एक दिवस एक माणूस माझ्याकडे तपासणीला आला. साठीच्या आसपासचा, बोटांना डांबरासारखे काळे डाग. मी आवाज सोडायला लागले. दिवा लागत होता, पण माझं बोट कळीवर पडायच्या जरासा आधी. अंदाजानं दाबतोय, असं मला वाटलं. मी मधलं अंतर वाढवलं, कमी केलं, मुद्दाम थांबून राहिले. मी थांबले की दिवाही थांबायचा. मी कळ दाबायला बोट उचललं की दिवा लागायचा.

"बटण खराब झालंय बहुतेक," मी दार उघडून म्हणाले.

"बटण चांगलं आहे," तो म्हणाला. "दुरुस्तीचंच काम करतो मी. जुने रेडिओ, व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर."

यंत्रात काहीतरी गडबड असणार, असं मनाशी म्हणत मी त्याचा पत्ता मागून घेतला. रविवारी नवऱ्याला घेऊन गेले.

लोखंडी जिन्याखाली त्याची एक खोली होती. आत गरम झालेल्या धुळीचा आणि डाख लावल्याचा वास. काढलेला प्रत्येक भाग तो गिऱ्हाइकाला परत देत होता; फडताळावर तशा पुड्या मांडून ठेवल्या होत्या. "तुमच्यासमोरच उघडतो, बसा," म्हणाला. नवरा त्याच्या डोक्यावर उभा राहून प्रत्येक तार बघत होता, तरी तो वैतागला नाही. जळलेली तेवढीच वस्तू बदलली, बाकी कशाला हात लावला नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नवऱ्याला कुणाच्या कामात खोट सापडली नाही.

निघताना तो म्हणाला, "आता मागे पडणार नाही."

घरी आल्यावर नवऱ्यानं तार छेडली. आवाज भरदार आला, गोल, उबदार. माझ्याही अंगावर काटा आला. मग माझं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं. आवाज आधी येत होता, बोट मग तारेवर पडत होतं.

मी त्याला सांगितलं. "तुझे कान कामानं खराब झालेत," म्हणाला.

अंतर वाढत गेलं. आधी टाळी वाजवण्याइतकं होतं, मग एका श्वासाइतकं. नंतर तो गिटार खांद्याला अडकवेपर्यंत गाणं अर्धं वाजून झालेलं असायचं आणि तो वाजवायचा तेव्हा खोलीत तारांची नुसती कोरडी टिकटिक. मग तर सकाळी अ‍ॅम्प्लिफायर वाजायचा आणि तेच, चुकांसकट, तो संध्याकाळी वाजवायचा. एकदा त्यानं हट्टानं सकाळचं गाणं टाळायचं ठरवलं, दुसरंच सुरू केलं. मधेच बोटं आपोआप वळली. त्यालाही कळलं नाही कधी वळली ते.

मी एकटीच त्या जिन्याखालच्या खोलीत गेले.

"नको असेल तर पुन्हा बिघडवून देतो," तो माणूस मान वर न करता म्हणाला. मी अजून तोंड उघडलं नव्हतं. "पण तुमचे मिस्टर आणू देतील का?"

नवऱ्यानं आणू दिला नाही. "इतका सुंदर आवाज आयुष्यात काढला नाही मी," म्हणाला, "आणि तो तुला डोळ्यांत खुपतोय." कार्यक्रम घेणं त्यानं बंद केलं होतं. सकाळी खुर्ची टाकून तो स्वतःलाच ऐकत बसायचा. मान डोलवायचा. मी कामावर निघाले तरी वळून बघायचा नाही.

त्या दिवशी मला अर्धी सुट्टी होती. सकाळी अ‍ॅम्प्लिफायर वाजला नाही म्हणून तो अस्वस्थ होता. दुपारी नव्या तारा आणायला बाहेर पडला. मी भांडी आवरत होते, तेवढ्यात पुढच्या खोलीत गिटार सुरू झाली.

हात पुसत मी दारात गेले. गिटार स्टँडवर होती. तारा हलत नव्हत्या.

त्याची नेहमीची सुरुवात. मग एक संथ गाणं, दोन ओळी.

तिसऱ्या ओळीत सूर अडखळला. पुन्हा तोच सूर. मग गिटार जमिनीवर आदळल्याचा आवाज, सगळ्या तारांचा एकदम झणकार, आणि त्याच्यामागून काहीतरी जड पडल्याचा.

नंतर नुसती घरघर. बराच वेळ.

गिटारच्या अगदी जवळ बोललं, तर ते बोलणंही त्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधून पुसट येतं. तसं आलं. बाईचा आवाज होता.

"झालं एकदाचं."

माझा आवाज मी ओळखते. भीतीनं घसा आवळला की स्वर कसा चढतो, रडू दाबलं की कसा फुटतो, हे मी रोज ऐकते. त्यातलं काहीच नव्हतं. दिवसभराचं काम उरकल्यावर बाई बोलते, तसं ते बोलणं होतं.

मग खटका पडल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं.

सांगून काय बदलणार होतं, असं मी स्वतःला विचारलं. उत्तराची वाट बघितली नाही.

तो आला तेव्हा ऊन उतरलं होतं. चप्पल काढता काढताच त्यानं विचारलं, "वाजलं का काही?"

"नाही," मी म्हणाले.

"काहीच नाही?" तो अ‍ॅम्प्लिफायरकडे बघत राहिला. मग हसला. तो माझ्याकडे बघून हसल्याला किती काळ लोटला होता. "म्हणजे आज माझं मला ठरवता येईल. आता तर वाजवतोच."

त्यानं गिटार उचलली. पट्टा खांद्यावर घेताना म्हणाला, "बस ना. आज ऐकशील?"

"हो," मी म्हणाले, आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.