चौथीच्या वर्गातला तडा

ऑफिसात तिला पाठीमागे ‘अर्धा मिलिमीटर’ म्हणत. शहराच्या शाळा बांधणाऱ्या खात्यात ती इंजिनिअर होती आणि पट्टीवर दिसेल तेच लिहायचं, हा तिचा खाक्या होता. कुणी चहा पाजला, कुणी डोळ्यांत पाणी आणलं, तरी आकडा जागचा हलत नसे. यंदा बत्तीस जुन्या शाळांपैकी पाचच नव्यानं बांधण्यापुरता निधी होता. कुठल्या पाच, ते तिच्या अहवालावर ठरणार होतं. बाकीच्यांनी आणखी चार वर्षं रंगाचा हात मारून दिवस ढकलायचे होते.

कालव्याजवळच्या शाळेत ती तिसऱ्यांदा आली तेव्हा अकरा वाजले होते. चौथीचा वर्ग नेहमीच्या सुरात पाढे म्हणत होता. मागच्या भिंतीत छतापासून बाकांपर्यंत एक तडा उतरला होता. तिनं पट्टी लावली. जेमतेम केसाएवढा. यादीत यायला पाच मिलिमीटर लागत.

“सर, ही शाळा यंदा बसत नाही,” ती म्हणाली. हेडसरांचा चेहरा पडला.

“बाई, तुम्ही आलात की ही शहाण्यासारखी वागते हो,” दारातून शाळेच्या मावशी म्हणाल्या. पंचवीस वर्षं त्या इथं झाडलोट करत होत्या, घंटाही त्याच देत. “पोरं घरी गेली की माझी दोन बोटं जातात त्यात. मला घरचीच समजते ना, माझ्यापुढे कसली लाज?”

“मावशी, भिंतीला लाज नसते.”

“मग ती फूटपट्टी काढून दाखवा.”

तड्यातून एक लाकडी फूटपट्टी बाहेर डोकावत होती. मावशींनी ती काल संध्याकाळी आत सारली होती, अगदी सहज गेली होती म्हणे. इंजिनिअरनं ओढली. पट्टी हलेना. हेडसरांनी दोन्ही हातांनी जोर लावला, मुलं खुसखुसली, पण पट्टी तसूभरही सरकली नाही. उन्हानं भिंत फुगते, हे तिला ठाऊक होतं. किती फुगते, तेही ठाऊक होतं. एवढी नाही.

तिनं तळहात भिंतीवर टेकवला. गिलाव्याखाली बारीक थरथर होती. जड बादली फार वेळ धरून ठेवल्यावर मनगटाला सुटते तशी.

ती थरथर तिच्या ओळखीची होती. डॉक्टर यायचे म्हटलं की आई केस विंचरून पलंगावर ताठ बसायची. “मला काय धाड भरलीय?” म्हणून हसायची, आणि पांघरुणाखाली तिचा हात असाच थरथरायचा. डॉक्टर ताकदीचं औषध लिहून द्यायचे. खरं दुखणं कळलं तेव्हा वेळ टळून गेली होती. शेवटच्या दिवशीही आईनं तिला म्हटलं, “जा गं, खालून दूध घेऊन ये.” ती दहा मिनिटांत परत आली. आईनं तेवढ्यात मरणंही उरकून घेतलं होतं. दीड वर्ष झालं, पण ती दहा मिनिटं तिच्या मनातून जात नव्हती.

“सर, मुलांना मैदानात न्या,” ती म्हणाली. “सगळ्या वर्गांना.”

शाळा रिकामी झाली. बाकांवर दप्तरं तशीच राहिली. आपण हे काय करतोय, असं वाटून तिला कानकोंडं झालं. तरी ती भिंतीजवळच्या बुटक्या बाकावर बसली.

“मी रागवायला नाही आले,” ती हळू म्हणाली. “दुखतंय ते दाखव. लपवलंस तर मला काहीच करता येणार नाही गं.”

बराच वेळ काही झालं नाही. मग फूटपट्टी खट्कन फरशीवर पडली.

तडा उघडला होता. पलीकडच्या वर्गातला फळा त्यातून दिसत होता. छताच्या तुळईतून मुठीएवढा ढलपा निसटला आणि आतल्या सळईच्या जागी नुसता लाल भुगा दिसला. तिनं आपली पट्टी लावली. पट्टीवरचे आकडे संपले. वहीत लिहिताना तिचं अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलं. फूटपट्टी उचलून तिनं पिशवीत टाकली.

तेवढ्यात घंटा वाजली. साडेअकरा. मधली सुट्टी. पंचवीस वर्षांच्या सवयीनं मावशींचा हात आपोआप दोरीकडे गेला होता.

“थांबा!” ती ओरडली. पण मुलं घंटा ऐकणार की तिला? चौथीची एक्केचाळीस पोरं डब्यांसाठी धडाधड वर्गात घुसली.

भिंत मिटली.

तिनं ते डोळ्यांनी पाहिलं. खालून वर, ओठ घट्ट मिटावेत तसा तडा मिटत गेला. कुठेतरी खोल, दात आवळल्यासारखा आवाज झाला. मुलांना पत्ताही नव्हता; डबे उचलून ती परत मैदानात पळत होती. एकीचं डब्याचं झाकण घरंगळत बाकाखाली गेलं. ती रांगत आत शिरली, शोधत बसली, सापडल्यावर फुंकर मारून पुसत बसली.

“चल बाळा. चल,” इंजिनिअर म्हणाली.

शेवटी ती मुलगीही गेली.

तडा उघडला नाही.

“एक्केचाळीस! सगळी बाहेर आली!” मैदानातून मावशी ओरडल्या.

तरी उघडला नाही. तिनं भिंतीला हात लावला. थरथर आता खांद्यापर्यंत चढली. आता कुणासाठी?

मग तिला कळलं, आणि डोळे भरून आले.

“जाते मी,” ती म्हणाली.

या वेळी तिला ठाऊक होतं कशासाठी जायचं ते. ती व्हरांड्यातून चालत गेली. पायऱ्या उतरली. मैदानात पाऊल ठेवलं.

मागे चौथीच्या वर्गाचं छत खाली बसलं. फार आवाजही झाला नाही.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पुढे यादीत ती शाळा पहिली आली. छत बसलं त्याच दुपारी ऑफिसात ती अपघाताचा छापील अर्ज भरत होती. आत कुणीच नव्हतं, म्हणून ‘घटनेच्या वेळी आत असलेल्या व्यक्ती’ हा रकाना रेघ मारून खोडायचा होता. सरळ रेघेसाठी तिनं पिशवीतून फूटपट्टी काढली.

लाकडात खळगे पडले होते. एका बाजूला ओळीनं चार, दुसऱ्या बाजूला एक. तिनं आपली बोटं त्यांत ठेवून पाहिली. ती नीट बसली.

तो रकाना तिनं रेघ न मारता कोरा ठेवला.