पेद्दा लंका, चिन्ना लंका

वीज काही आता लवकर येत नाही. कंदिलाची वात थोडी वर करा आणि बसा, तोवर आमच्या सहलीची गोष्ट सांगते. तिला भुताची म्हणा किंवा म्हणू नका. त्या दिवशी आम्ही जेवढं हसलो, तेवढं नंतर कधी हसलो नाही, एवढं मात्र खरं.

चौऱ्याऐंशी सालचा फेब्रुवारी. मी एटापल्लीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. इंजेक्शनच्या खोलीत एका औषध कंपनीचं कॅलेंडर टांगलेलं होतं. निळं पाणी, पांढरी वाळू आणि त्या पाण्यात शेजारी शेजारी दोन बेटं. सुया उकळायला ठेवल्या की मी त्या चित्रासमोर उभी राहायची आणि जायचं झालंच तर यातल्या कोणत्या बेटावर जावं, याचा विचार करायची. आमचे हे, बापूराव, पोस्टात होते. लग्न ठरलं तेव्हाच त्यांनी मला समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. त्याला सहा वर्षं झाली होती. त्यांना सुट्टी मिळाली की माझी नसायची, माझी मंजूर झाली की त्यांची नसायची.

शेवटी तोड काढली नूरीनं. नूरी माझी मैत्रीण, शिवणकाम करायची. तिचा नवरा जहीर बाजारात रेडिओ दुरुस्त करायचा. एकदा ती दवाखान्यात आली, कॅलेंडरकडे पाहून हसली आणि म्हणाली, "दीदी, असे दोन बेटं तर आमच्या सिरोंच्याले आहेत. नदीतले. वाळू याच्याहून पांढरी. अन् समुद्राचं पाणी तर पेता भी येत नाई!"

झालं. जहीरची खाला, म्हणजे मावशी, सिरोंच्यात राहायची. शनिवारी रात्री तिच्याकडे मुक्काम आणि रविवारचा पूर्ण दिवस बेटावर, असं ठरलं. आम्ही दोघं, ती दोघं आणि माझ्या सासूबाई गिरजाबाई, अशी पाच माणसं. बाईंनी तर पिशवीभर वांगी, कणीक आणि गोवऱ्यासुद्धा बांधून घेतल्या. "नदीवर जाऊन पानगे नाई केले तं जायचं काऊन?" असं त्यांचं म्हणणं. एसटीत त्या गोवऱ्यांवरून कंडक्टरशी जी हुज्जत झाली, ती सांगत बसले तर उजाडेल.

रविवारी सकाळी आठला आम्ही घाटावर पोचलो. प्राणहिता त्या दिवसांत शांत असते. काठापासून बरंच आत दोन बेटं दिसत होती, मधे एक पाण्याचा पट्टा. एक मोठं, त्यावर करंजाची झाडं आणि सावली. दुसरं लहान, नुसती वाळू, इतकी स्वच्छ की डोळे दिपावेत. नावाडी पोचम म्हणून एक तेलुगू म्हातारा होता. त्यानं वल्ह्यानं दाखवलं. लंका म्हणजे त्यांच्या बोलीत बेट; मोठं ते पेद्दा लंका, लहान ते चिन्ना लंका.

"कोणतं?" त्यानं विचारलं.

आणि तिथं आमचं भांडण जुंपलं. बापूराव म्हणाले, पेद्दा. दुपारी डोकं तापल्यावर सावली कुठून आणणार? नूरी म्हणाली, सावली तर एटापल्लीत भी आहे, त्यासाठी इतकं दूर काऊन यायचं? मी नूरीच्या बाजूनं. जहीरनं दोन्ही हात वर केले. "झगडा नको. दुपारपर्यंत हे, दुपारनंतर ते."

पोचमनं मान हलवली. "एकच."

"अरे बाबा, बिडीचं अख्खं बंडल देतो."

"एकच. एक घ्यायचं, दुसरं राहू द्यायचं."

आम्हाला वाटलं, म्हातारा आळशी आहे. मग सगळे बाईंकडे बघायला लागले. बाईंनी दोन्ही बेटं नीट पाहिली आणि म्हणाल्या, "सहा वर्षं झाली पोरगी वाळूचं चित्र पाहून राह्यली. वाळूवरच चला." त्यांचा हा स्वभाव. मला सासू म्हणून त्यांनी कधी जाच केला नाही.

जाताना आम्ही पेद्दा लंकेच्या अगदी जवळून गेलो. झाडांखाली एक पाखरूसुद्धा नव्हतं. पोचमनं आम्हाला चिन्नावर उतरवलं, चार वाजता येतो म्हणाला आणि नाव वळवून गेला.

पुढचे तीन तास काय सांगू! जहीर पाण्यात पडला तो निघेचना. नूरीनं आणि मी साडीचा काचा मारून पोहायचा प्रयत्न केला आणि दोघींनी मिळून नदीतलं निम्मं पाणी प्यायलं. बापूराव वाळूत पोस्टाची इमारत बांधत बसले, पेटीसकट. बाईंनी गोवऱ्या पेटवल्या, पानगे निखाऱ्यात सारले. धुराचा तो खमंग वास अजून माझ्या नाकात आहे. डोक्यावर ऊन, पायाखाली काठाची ओली वाळू, आणि कुठंही कुणाची हाक नाही की केसपेपर नाही.

बाराच्या सुमाराला नूरी म्हणाली, "दीदी, तिकडं पण कोणी आले वाटते."

पेद्दा लंकेवर धूर निघत होता. झाडाखाली माणसं हलत होती. नूरीनं मोजली. दोन पुरुष, तीन बायका. "आपल्यासारखेच पाच." मधलं पाणी हाकेच्या अंतराचं होतं, पण उन्हाची अशी तिरीप पडली होती की चेहरे दिसत नव्हते. नुसते कपड्यांचे रंग.

"ओ भाऊ!" जहीर ओरडला. "कसं आहे तिकडं?"

आवाज पाण्यावरून सावकाश चालत आला असावा, तसं उत्तर आलं. "मस्त! सावली आहे!"

"पाहा," बापूराव मला म्हणाले, "मी काय म्हणत होतो?"

बाईंनी उभं राहून "जय भीम!" घातला. पलीकडून एका म्हातारीचा तसाच खणखणीत "जय भीम!" आला. बाई खूश. मग जो खेळ सुरू झाला! काय केलं जेवायला? पानगे! आमच्याकडं भी पानगे! वांग्यात तिखट किती? डोळ्यांतून पाणी येते! दोन्ही बेटं हसत होती. बापूरावांनीही तोंडाला हात लावून दोन-तीन हाका मारल्या, पण त्यांना मात्र उत्तर मिळेना. "तुमचा आवाज पोस्टाचा आहे," जहीर म्हणाला, "पोचायले आठ दिवस लागतेत." आम्ही पोट धरून हसलो.

"कुठले तुम्ही?" जहीरनं विचारलं.

"एटापल्लीचे!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. एटापल्ली तेव्हा ती केवढी? बाजारात कोणी शिंकलं तरी आम्हाला माणूस कळायचा.

"नाव काय, भाऊ?"

पाण्यावरून आवाज आला. "जहीर! रेडिओवाला जहीर!"

जहीर हसला, पण नीट हसला नाही. "चिडवून राह्यले साले. माझं नाव ऐकलं असल त्यांनी..."

"थांबा," नूरी म्हणाली. ती भारी हुशार. तिनं पुढं होऊन विचारलं, "काल रात्री मी काय शिवून राह्यली होती, सांगा!"

पलीकडून एका बाईचा हसरा आवाज आला. "खालाच्या नातीचं झबलं! एक बाही उलटी लागली!"

नूरीनं माझा हात धरला. भर बारा वाजता, तापलेल्या वाळूवर, तिची बोटं बर्फासारखी गार होती. "दीदी," ती कुजबुजली, "ती बाही मी लगेच उसवली... कोणाले सांगितलं नाई. यांनाही नाई..."

आता पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. इतका वेळ तो होता की नव्हता, कोण जाणे. पलीकडे पिवळी साडी नेसलेली एक बाई काठाशी येऊन उभी राहिली. नूरीची साडी पिवळीच होती. तिच्या शेजारी एक निळी आली. मी माझ्या निळ्या पदराकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

मग ती हाक आली. जाड, थोडी घोगरी, बिडी ओढणाऱ्या माणसाची.

"गिरजे... ए गिरजे..."

बाईंच्या हातातला चिमटा खाली पडला. त्यांना नावानं हाक मारणारं जगात आता कोणी उरलं नव्हतं. माझे सासरे वामनराव बांबूच्या कामावर होते. पाच वर्षांपूर्वी ट्रक भरताना ढीग कोसळून गेले. बापूराव तेव्हा पोस्टात लागले नव्हते, तेही बांबूवरच जायचे, आणि त्या दिवशीची पाळी खरं तर त्यांची होती. त्यांना ताप होता, म्हणून त्यांच्या जागी मामंजी गेले. आमच्या घरात याबद्दल कोणी बोलत नसे.

मी डोळे उघडले तेव्हा बाई गुडघाभर पाण्यात होत्या. तोंडावर असं हसू, की मी त्यांना तसं कधी पाहिलंच नव्हतं. बापूराव वाळूत खिळल्यासारखे उभे होते. त्यांनीही तो आवाज ओळखला होता. मी धावले. पट्टा उथळ दिसत होता, पण चार पावलांत तळ खोल गेला आणि छातीपर्यंत पाणी आलं. धार अशी, की पाय ठरेना. मी बाईंचा पदर दोन्ही हातांनी धरला.

"सोड वं," त्या अगदी मायेनं म्हणाल्या. "भूक लागली असल त्याले. मी येतो वाढून."

"बाई, नका ना... बाई, परत फिरा..."

त्या ओढत होत्या, मी ओढत होते. पलीकडे पांढऱ्या धोतरातला एक माणूस झाडाखाली उकिडवा बसला होता. एवढ्यात त्याच्यामागून एक म्हातारी आली, हिरव्या लुगड्यातली. बाईंच्या अंगावरही हिरवंच लुगडं होतं. ती वाकली, त्याच्यापुढं पत्रावळ ठेवली, राख झटकून पानगा फोडला आणि त्यावर तूप सोडलं. मग कमरेवर हात ठेवून तिनं आमच्याकडं पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं.

बाईंची ओढ सैल झाली.

"आहे वं एक त्याच्याजवळ," त्या हळूच म्हणाल्या. "जेवू घालून राह्यली." मग आणखी थोडा वेळ त्या पलीकडे पाहत राहिल्या, एकेका माणसाकडे. जणू घरची माणसं मोजत होत्या. आणि एकदम वळल्या. "चाल. माझे पानगे जळतीन."

काठावर येताच त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर बापूरावांना जवळ ओढलं. ओल्या हातानं त्यांचा चेहरा, डोकं, खांदे चाचपले, तान्ह्या लेकराला चाचपावं तसे. "जेव बापू," म्हणाल्या. "पोटभर जेव." आणि चार वांगी जास्त वाढली.

आम्ही जेवलो. खरं सांगते, इतकं चवदार जेवण मी जन्मात जेवले नाही. बाईंनी जहीरला दोन गमती सांगितल्या, आणि थोड्या वेळानं आम्हाला पुन्हा हसूही आलं. फक्त पलीकडे हाका मारायचं कोणाच्या मनात येईना. तिकडूनही कोणी मारल्या नाहीत. अधूनमधून नुसतं हसणं ऐकू यायचं, आपल्याच घराच्या दुसऱ्या खोलीतून यावं तसं.

चारला पोचम आला. नावेत चढताना पाहिलं, तर तळाशी चपलांचे जोड पडलेले.

"ह्या कोणाच्या?" जहीरनं विचारलं.

"तिकडच्या. अनवाणी उतरले." पोचमनं वल्हं पाण्यात घातलं. "तुम्हाला सोडतो, मग त्यांना आणतो."

"कोण आहेत ते, बाबा?"

"सकाळी चढतात, संध्याकाळी उतरतात. तोंडं कोण पाहते?"

बापूराव माझ्या शेजारी येऊन बसले आणि गाणं गुणगुणायला लागले. आई आज कधी नव्हे ती आनंदात दिसली, म्हणून तेही आनंदात. ऊन कललं होतं, नदी सोन्यासारखी झाली होती, आणि पुढच्या वर्षी कुठं जायचं यावरून नूरी आणि जहीरचं पुन्हा भांडण सुरू झालं होतं.

बाई मात्र खाली वाकल्या होत्या. त्या चपलांत टायरच्या तळव्यांच्या जुन्या वहाणा होत्या, पुरुषी, रुंद. बाईंनी त्या उचलल्या, पदरानं वाळू झटकली आणि उतरणाऱ्याला पाय घालायला सोपं जावं अशा सरळ करून ठेवल्या. मग बाकीच्याही लावायला लागल्या. पितळी बक्कलच्या सँडल, जहीरच्या पायात होत्या तशाच. मोत्याची लाल चप्पल, नूरीची होती तशी. अंगठ्याजवळ तार बांधलेली निळी रबरी. तशीच तार माझ्याही अंगठ्याला टोचत होती. आणि बाईंच्या होत्या तशा, झिजलेल्या.

पाच जोड. मी पुन्हा मोजले. पाचच. वहाणा मामंजींच्या धरल्या तर बाकीच्या चार आमच्या.

बापूरावांच्या चपला त्यात नव्हत्या. बांबूच्या त्या पाळीच्या दिवशी तिकडं त्यांना ताप आला नसणार.

मी मान वर केली. बाई माझ्याकडेच पाहत होत्या. शेजारी बापूराव गात होते. बाईंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि हळूच ओठांवर बोट ठेवलं.